तेओफिलाच्या घरचं पोतं

मला कचऱ्याची प्रमुख केलं ते माझ्या तोंडामुळे. दुसरं काही कारण नाही.

वरच्या गावानं दगड टाकून आमच्या ट्रकची वाट अडवली, तेव्हा आमची सभा बसली. त्यांच्या हद्दीतल्या खड्ड्यात आम्ही वर्षानुवर्षं आमचा कचरा नेऊन ओतायचो आणि पेटवून द्यायचो. धूर त्यांच्या घरात आणि खोकला त्यांच्या पोरांना. सभेत जो तो त्या लोकांनाच शिव्या घालत होता. माझ्याच्यानं राहवेना. उभी राहिले आणि म्हटलं, "बरं केलं दगड टाकले ते! मी त्यांच्या जागी असते ना, तर दगड रस्त्यावर टाकले नसते, आपल्या टाळक्यात घातले असते."

मग आबुंदियो बोलला. त्याचं खिळे-पत्र्याचं दुकान आहे, आणि काट्यावरून एक खिळा जास्त जाईल तर शपथ. म्हणाला, "एवढं कळतंय तर करा की एर्मेलिंदालाच प्रमुख." हशा झाला, हात वर गेले, संपलं.

आमच्या सांता कितेरियात पद कुणी मागत नाही आणि गळ्यात पडलेलं कुणी नाकारत नाही. सभेनं नाव घेतलं की वर्षभर तुम्ही गावाचे. याला आम्ही कार्गो म्हणतो. पगार नाही, मानाची खुर्ची नाही, वर लोकांची बोलणी. पण कार्गो टाळणाऱ्याला आमच्यात माणसातच धरत नाहीत. तेव्हा मी, बाजारात खानावळ चालवणारी विधवा, जिला स्वतःच्या गुडघ्यांचं काही करता येत नाही, ती गावाच्या कचऱ्याचं बघायला निघाले. माझा मदतनीस म्हणून सभेनं आबुंदियोलाच नेमलं. घे म्हटलं लेका, आता भोग.

नियम सभेनंच ठरवले. खरकटं डुकरांना. काच, डबे, बाटल्या वेगळ्या. त्या वस्तू शहरातला एक माणूस घेऊन जायचा. या सगळ्यातून जे उरेल, ज्याला कुणीच वाली नाही, ते एका पोत्यात भरायचं आणि रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की गावकचेरीच्या अंगणात आणायचं. तिथं आबुंदियो आपल्या दुकानातला काटा लावून बसणार. पोतं ठरल्यापेक्षा जड भरलं तर त्या घराचं नाव भोंग्यावरून गावभर. तीनदा नाव आलं तर त्या घराचा नळ बंद, पोतं हलकं होईपर्यंत. ओढ्यात टाकताना कुणी सापडलं तर त्याच दिवशी बंद. ओढा आमच्या झऱ्याच्या डोक्यावरून येतो, तेव्हा त्यात कुणाला दयामाया नव्हती.

यालाही हात वर गेले. माझ्या शेजारी तेओफिला बसली होती, तिचाही. मी बघितलं. आमच्यात हात वर जायला लागले की आपलाही जातोच, पदराला ओढल्यासारखा.

तेओफिला माझी कोमाद्रे. माझ्या मुलीची धर्ममाता. लहानपणी आम्ही दोघी एकाच डबक्यात उघड्या डुंबलो, एकमेकींच्या झिंज्या उपटल्या. पण तिनं माझ्या लेकीला बाप्तिस्म्याला कडेवर घेतलं त्या दिवसापासून 'तुम्ही'. कोमाद्रेला अगंतुगं करत नाहीत. तिचा नवरा क्रिसोफोरो, त्याला अख्खं गाव मानानं ताता म्हणतं, मी कोंपाद्रे म्हणते.

ताता क्रिसोफोरोनं कार्गो कधी टाळला नाही. पोरवयात गावाचे निरोप पोचवले, मग चर्चचं बघितलं, मग जमिनीचं, शेवटी गावाचा अध्यक्ष. पण लोक त्याचं नाव घेतात ते पाण्यासाठी. झऱ्यापासून गावापर्यंतचा नळ त्याच्या कार्गोत आला. स्वतः पहार घेऊन चरात उतरायचा. पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा सगळ्यांनी त्याला पुढं केलं, "प्या ताता, तुमचा मान." तर हा म्हणाला, "खालच्या शेवटच्या घराला आलं का ते आधी बघून या." शेवटच्या घरी पाणी पोचल्याचं कळलं तेव्हा तो प्याला. ही गोष्ट आमची पोरं आईच्या दुधाबरोबर ऐकतात.

दोन वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, डोकं मात्र लख्ख. तेव्हापासून तो खिडकीजवळच्या खाटेवर आणि डायपरमध्ये. मुलगा उत्तरेत, सीमेपलीकडं. त्याच्या पैशांतून डायपरचे गठ्ठे येतात, तो येत नाही. तेओफिलानं आधी कापडं वापरून बघितली. पण उन्हाळ्यात आमच्या नळाला एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड पाणी. एवढ्या म्हाताऱ्या बाईनं रोजचा तो ढीग धुवायचा कशात? तिच्या बोटांना चिरा पडल्या. शेवटी डायपरच.

आणि डायपर ना डुक्कर खात, ना शहरातला माणूस घेत.

हे मला तेव्हा सुचलं का? नाही सुचलं. मी माझ्या तोऱ्यात होते. खानावळीतल्या फोमच्या थाळ्या मी एका सकाळी हद्दपार केल्या, मातीच्या ताटल्या पुन्हा काढल्या. बांधून न्यायचं असेल तर म्हटलं, भांडं आणा नाहीतर उपाशी जा. पहिल्या दिवशी लोक रुसले. दुसऱ्या दिवशी एक जण मोले, आमचा मिरचीचा दाट रस्सा, न्यायला चक्क आंघोळीचं घमेलं घेऊन आला. "एवढंच मोठं भांडं होतं का घरात?" म्हटलं. "नाही एर्मेलिंदाबाई, पण तुम्ही भांडं बघून वाढता असं ऐकलं." दुकानदारांनी पिशव्या बंद केल्या, बायकांनी टोपल्या काढल्या. बाजारच्या दिवशी संध्याकाळी चौकात पूर्वी गुडघाभर घाण असायची, ती झाडायला एक खराटा पुरायला लागला.

आणि भोंगा! गावकचेरीच्या छपरावरचा भोंगा प्रमुखाच्या ताब्यात असतो. रोज सकाळी मी त्यावर बोलायचे. "अमुक गल्लीतल्या बायांनो, डुकराच्या खाण्यात चमचे येतायत, डुकराला चमच्यानं भरवता काय गं?" लोक हसायचे. सभेचा हुकूम असला की आधी चर्चची घंटा वाजते आणि मग भोंगा. नुसता भोंगा वाजला तर लोक म्हणायचे, "काही नाही, एर्मेलिंदाची बडबड." तेओफिलाचं घर कचेरीच्या बरोबर खाली. तिनंच मला सांगितलं होतं, "तुम्ही बोलायला लागलात की हे अर्ध्या तोंडानं हसतात, कोमाद्रे. सकाळ झाली की वाटच बघतात." मला केवढा आनंद झाला होता.

पहिल्या रविवारी पोती मोजली. एकेक येतंय, काट्यावर चढतंय. तेओफिलाचं पोतं दोन माणसांनी उचलून आणलं. काट्याचा दांडा धाडकन खाली. आत काय आहे ते बघायची गरज नव्हती, वास येत होता. तेओफिला जमिनीकडं बघत उभी.

मी भोंग्यावर गेले आणि जड पोत्यांची नावं घेतली. दारूचं दुकान. शाळेसमोरचा वेफर्सवाला. दोन आळशी घरं. आणि बंद केला.

"एक नाव राहिलं," मागून आबुंदियो म्हणाला.

"राहू दे."

"मोजलंय सगळ्यांसमोर. आज एक सोडलं तर पुढच्या रविवारी दारूवाला विचारेल, माझं का नाही सोडलं. काय सांगणार त्याला?"

"सांगेन की तू धडधाकट आहेस, मेल्या."

"हे तू सभेत सांग. काट्यापाशी नको." त्याच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. तेच तर. त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येईना.

मी परत भोंगा चालू केला आणि म्हटलं, "तेओफिला आणि क्रिसोफोरोचं घर." माझ्याच आवाजात. खिडकीखालच्या खाटेपर्यंत.

दुपारी रस्सा घेऊन त्यांच्याकडं गेले. तेओफिलानं दार उघडलं, पण बसा म्हणाली नाही. कोंपाद्रेनं मात्र डाव्या हातानं बोलावलं. "किती… जास्त… भरलं?"

"सोडा हो कोंपाद्रे. काटाच आबुंदियोचा, तो हवासुद्धा मोजतो."

तो हसला नाही. "सभेचा… हुकूम… आहे," म्हणाला. "बरोबर… आहे."

"कुठलं बरोबर? आजारी माणसाला काय कळतंय नियम?"

"मी… आजारी. गावचा… नाही का?"

मी रस्सा ठेवला आणि निघाले. दारात तेओफिला हळूच म्हणाली, "दोनदा अजून नाव आलं की नळ जाईल, कोमाद्रे. मग ह्यांना धुऊ कशानं?"

हातपाय हलवले नाहीत असं कुणी म्हणू नये. परसात खड्डा करून पुरून बघितलं, तर कुत्र्यांनी सगळं उकरून गल्लीभर केलं. शहरातल्या माणसाला वेगळे पैसे देऊ केले. त्यानं हात जोडले, म्हणाला माझा ट्रक नासेल. तालुक्याच्या कचेरीत जाऊन आले, तिथल्या साहेबानं 'बघतो' म्हटलं. ते 'बघतो' मी ओळखते, त्यात माणूस म्हातारा होतो. कापडं माझ्या घरी धुते म्हटलं, तर माझ्या नळालाही तेवढंच पाणी.

मग सभेत उभी राहिले. "आजारी माणसाच्या घराला सूट द्या."

मला वाटलं, कोण नाही म्हणणार आहे? कुणीच नाही म्हटलं नाही. जुळ्यांची आई उठली, "मग लहान बाळांच्या घराला पण द्या." बरोबर होतं. एक म्हातारा उठला, "माझ्या औषधांची पाकिटं, इंजेक्शनं?" तेही बरोबर. मग वेफर्सवाला, "माझं तर पोटच त्या पाकिटांवर." मग दारूवाला म्हणाला की तोही एक प्रकारे आजारीच आहे. लोक खो खो हसले. तासाभरात गावात सूट नको असलेलं एक घर उरलं नाही. अध्यक्षानं कपाळ चोळलं. "सगळ्यांनाच सूट दिली तर वरच्या गावाचे दगड हलवायला कुठल्या तोंडानं जायचं? पुढच्या सभेत बघू." हात वर गेले. तेओफिला त्या दिवशी आली नव्हती.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तिचं नाव घेतलं. अजून एकदा आलं की नळ बंद. आमच्या संत कितेरियेपुढं मेणबत्ती लावली, म्हटलं माये, काहीही कर, पण त्यांचं पोतं हलकं कर.

आणि तिसऱ्या रविवारी पोतं हलकं झालं.

खोटं नाही सांगत. तेओफिलानं ते एकटीनं उचलून आणलं. आबुंदियोनं काट्यावर चढवलं, दांडा सरळ राहिला. त्यानं दोनदा मोजलं. मग माझ्याकडं बघून मान हलवली, आणि त्या कोरड्या माणसाच्या तोंडावर हसू आलं. मी भोंग्याकडं धावतच गेले, गुडघे गेले चुलीत. "ऐका रे! तेओफिला आणि क्रिसोफोरोचं घर आज ठरल्यापेक्षा कमी! ज्या घरात माणूस खाटेला खिळलाय, त्या घराला जमतंय, आणि तुम्हाला नाही जमत? लाजा नाहीत का वाटत? ताता क्रिसोफोरो, गाव तुमचं आभारी आहे!"

तेओफिलाला विचारलं, "कसं केलंत?"

"काही नाही केलं," ती म्हणाली. "हल्ली कोरडेच असतात, कोमाद्रे. रात्रभर कोरडे. उन्हाळ्यामुळं असेल, भूकही कमी झालीय."

माझा नवस फळला होता. मी मेणबत्ती लावून आले. पुढच्या रविवारी पोतं त्याहून हलकं. मी भोंग्यावर आणखी जोरात ओरडले.

त्यानंतरच्या आठवड्यात कोंबडीचा रस्सा घेऊन गेले, अभिनंदनाचा. तेओफिला परसात होती. खिडकीतून ऊन सरळ त्याच्या तोंडावर येत होतं. ओठांना भेगा. गाल आत. जीभ मक्याच्या वाळल्या सालीसारखी पांढरी. मी चमचा भरून पुढं केला.

"घ्या कोंपाद्रे."

त्यानं ओठ मिटले. गच्च मिटले, लहान पोर मिटतं तसे.

"एक घोट."

मान हलवली, नको.

मी त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली. "फिला!" मी किंचाळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लहानपणीच्या नावानं. "फिला, अगं इकडं ये! कधीपासून पीत नाहीये हा?"

ती ओल्या हातांनी आली. "सकाळी एक घोट घेतात की. आतोलेची पेज अर्धा चमचा घेतात, मग पुरे म्हणतात. मला वाटलं…" आणि तिचं तिलाच ऐकू आलं ते. ती भिंतीला धरून खाली बसली.

कोंपाद्रे माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या अर्ध्या तोंडावर तेच हसू होतं.

"हलकं… झालं ना?" म्हणाला. "तुम्ही… सांगितलंत. भोंग्यावर."

"अहो, तसं नाही कमी करायचं! फोमची थाळी टाकायची, प्लास्टिक टाकायचं. तुम्ही पाणी प्यायचं ते काय कचरा आहे?"

"मला… दुसरं काय… जमतंय आता?" त्यानं दम घेतला. "तेकियोला… येता येत नाही. पहार… धरता येत नाही. हे… जमतं."

तेकियो म्हणजे आमचं गावाचं श्रमदान. घरटी एक माणूस जातो. दोन वर्षं त्याच्या घरचं कुणी गेलं नव्हतं, आणि गावानं कधी विचारलंही नव्हतं. पण तो मनात धरून बसला होता. तो ते फेडत होता, माझ्या भोंग्यावरून मी शाबासकी देत होते, आणि तो आणखी फेडत होता. मला माझा आवाज उपटून फेकावासा वाटला.

दवाखान्यातल्या डॉक्टर पोरीला ओढत आणलं. तिनं सलाईन लावलं. तिची पाठ वळली तसं त्यानं डाव्या हातानं सुई काढून टाकली, आणि वर "पोरी, माफ कर" म्हणाला. तिनं पुन्हा लावलं, त्यानं पुन्हा काढलं. हात बांधायची गोष्ट निघाली तेव्हा तेओफिला आडवी आली. "अध्यक्ष होते हे या गावाचे. ह्यांना कुणी बांधायचं नाही." मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर त्यानं खाटेची पट्टी धरून ठेवली. पोरगी बाहेर येऊन रडली. मला म्हणाली, "तुम्हीच काही तरी करा, तुमचं ऐकतात ते."

माझं ऐकतात! अगं, माझं ऐकूनच तर हे झालं.

तशीच कचेरीत गेले आणि भोंगा चालू केला. "सांता कितेरियाच्या सभेचा हुकूम! ताता क्रिसोफोरोनं आत्ताच्या आत्ता पाणी प्यावं. पोटभर प्यावं. त्याच्या घरचं पोतं आजपासून मोजायचं नाही!" जेवढा होता तेवढा आवाज लावला आणि धावत खाली आले. तेओफिला पेला घेऊन बसली होती. पेला भरलेलाच.

"काय म्हणाला?"

"म्हणतात, घंटा नाही वाजली."

बरोबरच होतं त्याचं. नुसता भोंगा. एर्मेलिंदाची बडबड.

मी चर्चकडं गेले. घंटेची दोरी ज्याच्या कार्गोत होती त्यानं ती हातात घेतली, मग सोडली. "सभा झाल्याशिवाय कशी वाजवू? ताता स्वतः विचारेल, सभा कधी झाली. त्यानंच लावलेली शिस्त आहे ही." मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. त्यानं दोरी दिली नाही. तेव्हा गेले आबुंदियोकडं. तो काटा पुसत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्याचा हात थांबला. त्यानं दुकानाचं फळकूट ओढलं, कुलूपही लावलं नाही, आणि घराघरांतून माणसं गोळा करायला निघाला. त्या माणसाला कुलूप न लावता बाहेर पडलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

पण सभेला पुरेशी माणसं लागतात. अर्धे पुरुष वर मक्याच्या शेतात, अर्धे बाजाराला गेलेले. ते दुसऱ्या दिवशी दुपारी जमले. या वेळी कुणी हसलं नाही, कुणी आपलं गाऱ्हाणं काढलं नाही. दारूवाला भिंतीकडं तोंड करून उभा होता. अध्यक्षानं ताताच्या घराला सूट द्यायची का विचारलं, आणि सगळ्यांचे हात वर गेले. आबुंदियोनं दोन्ही केले.

घंटा वाजली. मग भोंगा. मी नाही बोलले, अध्यक्ष बोलला, हुकूम नीट शब्दाशब्दानं. मी तेव्हा खाटेपाशी होते.

कोंपाद्रेचे डोळे मिटलेले होते. घंटेबरोबर उघडले. त्यानं सगळं ऐकलं. सांगते ना, ऐकलं त्यानं. हुकूम संपला आणि त्यानं तोंड उघडलं. पेला यायच्या आधीच उघडलं, जेवढं उघडता येत होतं तेवढं.

तेओफिलानं चमचा लावला. पाणी आत गेलं, आणि तोंडाच्या पडलेल्या कडेनं बाहेर आलं. पुन्हा चमचा. पुन्हा बाहेर. तो प्रयत्न करत होता, गळ्याची ती गाठ हलत होती, पण खाली काही उतरत नव्हतं. तेओफिला पदरानं हनुवटी पुसायची आणि पुन्हा चमचा भरायची. डॉक्टर पोरीनं पुन्हा सलाईन लावायला घेतलं. या वेळी त्यानं हात पुढं केला, पण शीरच सापडेना. एका हाताला बघितलं, दुसऱ्या हाताला बघितलं, पायाला बघितलं.

उशी भिजली, सदरा भिजला. डायपर कोरडा होता.

पहाटे तो गेला.

मयताला अख्खं गाव आलं. येताना प्रत्येकानं आपापली वाटी, आपापला पेला आणला होता. कुणी सांगितलं नव्हतं. मी मोठ्या पातेल्यात घेवड्याचा रस्सा केला, कॉफी केली, प्रार्थनेचे नऊ दिवस लोक जेवले आणि त्या घरातून पोत्यात टाकायला चिमूटभर काही निघालं नाही.

त्या नऊ दिवसांनंतरच्या रविवारी मिस्सा सुटली. आबुंदियोनं काटा लावला होता. लावला नसता तर बरं झालं असतं, पण सभेनं तो बंद केला नव्हता. पोती येत होती. आणि काळी शाल डोक्यावरून घेऊन तेओफिला आली. तिच्या हातात तिचं पोतं, रिकामं, घडी घातलेलं. तिनं ते काट्यावर ठेवलं.

आबुंदियो उभा राहिला. "तेओफिलाबाई, हे नको. घेऊन जा घरी."

"मोजा."

"त्यात काही नाहीये."

"मोजा म्हणते ना. सूट ह्यांच्यापुरती होती. हुकूम सगळ्या घरांना आहे."

त्यानं मोजलं. दांडा हललासुद्धा नाही. तेओफिलानं पोतं काखेत मारलं आणि माझ्याकडं आली. डोळे कोरडे. माझी मैत्रीण, कोमाद्रे, फिला, जे काय म्हणायचं ते.

"नाव घ्या आमच्या घराचं," म्हणाली. "तुम्ही नाव घेतलंत की ते हसायचे."

मी वर गेले. खटका दाबला. भोंग्यात नेहमीची खरखर झाली आणि अंगणातली माणसं वर बघायला लागली. मी तोंड उघडलं. सभेत, बाजारात, कचेरीत कधी कुठं न अडलेलं माझं तोंड.

भोंगा तसाच चालू राहिला. गावभर माझा श्वास तेवढा ऐकू जात होता. शेवटी आबुंदियो वर आला आणि त्यानं खटका बंद केला.